आठवी पिन

रात्रीचे अडीच वाजले होते. लॅपटॉपवर टर्मिनलची काळी खिडकी उघडी होती आणि वरच्या कोपऱ्यात पांढरा कर्सर लुकलुकत होता. मी एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग चार-पाच वेळा लागोपाठ दाबलं. सर्व्हर रूममध्ये पंख्यांचा आवाज इतका असतो की की-बोर्डची टकटक ऐकू येत नाही, बोटाला नुसता स्पर्श कळतो, आणि त्यामुळे आपण खरंच काही दाबलं की नाही अशी शंका येऊ लागते. रात्री अकराच्या सुमारास हे मशीन नेटवर्कवरून दिसेनासं झालं होतं. त्याची दूरवरून देखभाल करायची वाटही त्याच नेटवर्क पोर्टातून जात होती, म्हणून तीही बंद. राहिला होता तो मागच्या बाजूचा नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट, एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवणारा. त्यासाठी आमच्या टीमकडे एक करडी केबल होती, कोणीतरी कधीतरी हाताने सोल्डर करून बनवलेली. ती यूएसबी अडॅप्टरमधून लॅपटॉपला लावून मी जमिनीवर मांडी घालून बसले होते. दहाएक मिनिटांनी खिडकीत आपोआप एक ओळ उमटली: नेटवर्क कार्डाचा लिंक अप. दोन सेकंदांनी दुसरी: लिंक डाऊन. पुन्हा शांतता. मी परत एंटर दाबलं, माझं नाव टाइप केलं, चालू काम थांबवायचं कंट्रोल-सी दाबलं. एकही अक्षर उमटलं नाही.

मशीन हँग झालंय असं मी ठरवलं. उठले, पुढे गेले आणि पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं. पंखे उतरत्या सुरात थांबले तेव्हा त्या एवढ्याशा जागेत अचानक मोकळं वाटलं होतं, ते अजून आठवतं. परत चालू केलं, केबल काढून गुंडाळली, वर आलं की नेटवर्कवरूनच बघू म्हटलं. ते वर आलं, पण नेटवर्क येईना. मागे वाकून पाहिलं तर नेटवर्क केबलचा प्लग अर्धा बाहेर आलेला, त्याची प्लॅस्टिकची खिट्टी तुटलेली. माझाच हात लागून ओढला गेला असेल, असं मला तेव्हा वाटलं. दाबून बसवला, सगळं सुरू झालं. नोंदवहीत लिहिलं: मशीन हँग, सक्तीने बंद करून चालू केलं. सकाळी कळलं की त्या मशीनवर संशोधन विभागातल्या एका मैत्रिणीचं एक गणित चालू होतं. मधला हिशोब डिस्कवर लिहून ठेवायची सोय तिने त्यात अजून घातली नव्हती, सगळं मेमरीत होतं. ती म्हणाली, “पुन्हा लावते गं. हँगच झालं होतं तर तू तरी काय करणार?”

अकरा दिवस चालू होतं ते.

सिरीयल लाइनवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याला सगळ्यात जास्त छळते ती शांतता. इथरनेटची केबल नीट बसली की निदान हिरवा दिवा लागतो, पलीकडे कुणीतरी आहे एवढं तरी समजतं. इथे तसं काही नाही. पाठवायची एक तार, ऐकायची एक आणि दोघांत सामायिक असलेली जमिनीची एक, एवढ्या तीन तारांवर निभावतं. पलीकडचं टोक भिंतीला टांगलेलं असलं तरी अलीकडच्याला पत्ता नसतो. आणि या लाइनला मागचं काही आठवत नाही. तुम्ही केबल लावण्याआधी मशीन जे बोललं ते गेलं. लॉगिनची ओळ तासाभरापूर्वी येऊन गेली असेल तर तुम्हाला कोरी खिडकीच दिसणार. त्यामुळे पहिलं एंटर दाबून आपण वाट बघतो तेव्हा समोरच्या कोरेपणाची दहा-बारा कारणं असू शकतात आणि सगळी सारखीच दिसतात. केबल चुकीची, वेग चुकीचा, पोर्ट चुकीचं, पलीकडे ऐकायला कुणी बसवलेलंच नाही, किंवा खरोखरच मशीन गेलेलं.

ही सिरीयल लाइन ज्यावर चालते ते आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. ते बनलं टेलिप्रिंटर आणि मोडेम यांची जोडणी करण्यासाठी, आणि त्या काळाच्या खुणा त्यात जागोजागी आहेत. लिनक्समध्ये आपण ज्याला टीटीवाय म्हणतो ते टेलिटाइपरायटरचंच आखूड रूप. लाइनचा वेग मोजायचं एकक बॉड, हा शब्द एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याच्या नावावरून आला. त्याने आपल्या तारयंत्राचं पेटंट घेतलं १८७४ मध्ये. एक आणि शून्य यांचे व्होल्टसुद्धा आजच्या सवयीच्या उलटे. तारेवर उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे एक, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य. लाइन रिकामी असते तेव्हा ती उण्यात असते. मी शिकत असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला मल्टिमीटर हातात दिला आणि सांगितलं, काळी सुई पाचव्या पिनवर ठेव, लाल तिसऱ्यावर. उणे सहाच्या आसपास आकडा आला. “म्हणजे इकडून बोलणारा जागा आहे,” ते म्हणाले. आता दुसऱ्या पिनवर ठेव. तिथे केबलच्या पलीकडून तसाच उण्यातला आकडा आला तर तिकडचाही जागा. शून्याच्या आसपास घुटमळत राहिला तर समजायचं, तिकडून तार आलेलीच नाही. अक्षर न पाठवता दोन्ही टोकं जिवंत आहेत का हे कळण्याची ही रीत मला तेव्हा फार आवडली होती. तरी त्या रात्री मल्टिमीटर माझ्या पिशवीतच राहिला, हे मला नंतर पुन्हा पुन्हा खुपलं.

सिरीयल लाइनवर मी पहिल्यांदा काही पाहिलं ते होतं निव्वळ कचरा. उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, डोक्यावर टिंबं घेतलेली परकी अक्षरं, मध्येच एखादं ओळखीचं ‘एक्स’. मी घाबरून केबल काढली होती. कचरा दिसणं ही चांगली बातमी असते हे समजायला मला पुढे वर्ष गेलं. कचरा येतोय म्हणजे तारा बरोबर आहेत, जमीन बरोबर आहे, पलीकडे कुणीतरी बोलतंय. फक्त आपण वेगळ्या लयीत ऐकतोय. ९६०० च्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला एका बिटचा मुक्काम असतो साधारण १०४ मायक्रोसेकंद. ऐकणारी चिप सुरुवातीच्या बिटची चाहूल लागली की आपलं घड्याळ सुरू करते आणि पुढच्या प्रत्येक बिटच्या मधोमध एकदा डोकावते. दोघांमध्ये सामायिक घड्याळ नसतंच, दर अक्षराला नव्याने जुळवून घ्यायचं. पाठवणारा ११५२०० ने पाठवत असेल तर ९६०० वाल्याच्या एका डोकावण्याएवढ्या वेळात बारा बिट निघून जातात, म्हणजे एका अक्षराहून जास्तच. मग त्याच्या हाती जे लागतं ते आपल्याला कचरा म्हणून दिसतं. वेग बदलत जायचं: ९६००, १९२००, ३८४००, ५७६००, ११५२००. प्रत्येक वेळी एंटर. आणि एका वेळी तो गोंधळ विरून सरळ, वाचता येणारी ओळ उमटते. इतकी वर्षं हे काम करूनही त्या ओळीने होणारा आनंद कमी झालेला नाही. या आकड्यांमागचं गणित मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, एकदा जुन्या सिरीयल कार्डावरच्या, घड्याळाचा ठोका देणाऱ्या चकचकीत क्रिस्टलवर १.८४३२ मेगाहर्ट्झ असं कोरलेलं दिसलं आणि कागदावर भागाकार करून पाहिला. सोळाने भागलं की बरोबर ११५२००. त्याला बाराने भागलं की ९६००. त्या दिवशी कागद घडी करून पाकिटात ठेवला होता.

पिनांचा घोळ मात्र आनंद देणारा नाही, तो नुसता सहन करायचा. जुन्या पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर संगणकाच्या बाजूला दोन नंबरला पाठवायची तार आणि तीनला ऐकायची. नऊ पिनांचा कनेक्टर आला तेव्हा ती अदलाबदल झाली. त्यातून मोडेमसाठी केलेली सरळ केबल दोन संगणकांमध्ये लावली तर दोघांची तोंडं एकमेकांना चिकटतात आणि कान एकमेकांना. म्हणून दोन आणि तीन उलटसुलट केलेली नल मोडेम केबल लागते. नेटवर्कच्या उपकरणांना आठ पिनांचा चपटा प्लग आणि टोकापासून टोकापर्यंत सगळंच उलटवलेली फिकट निळी केबल. छोट्या बोर्डांवर तर ३.३ व्होल्टचं सिरीयल असतं, त्यावर चुकून आरएस-२३२ ची केबल टेकवली तर बोर्ड गेलंच म्हणून समजा. ड्रॉवरमध्ये दहा केबली असतात, सगळ्या एकसारख्या, आणि कुठलीवरही चिठ्ठी नसते. मी माझ्या केबलींना कागदाचे झेंडे लावते. कुणाला ते अति वाटेल, वाटू दे.

सर्व्हरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला हमखास चकवते. मशीन चालू होताना कन्सोलवर, म्हणजे मशीन आपले संदेश जिथे दाखवतं तिथे, एकच आवाज बोलतोय असं आपल्याला वाटतं, पण तिथे एकामागून एक चार जण बोलतात. आधी मशीन जागं करणारं बायॉस, मग ऑपरेटिंग सिस्टम चढवणारा बूटलोडर, मग त्या सिस्टमचा गाभा म्हणजे कर्नल, मग लॉगिन विचारणारा गेटी. चौघांनाही वेगवेगळं सांगावं लागतं की बाबा, सिरीयल पोर्टावर बोल आणि अमुक वेगाने बोल. त्यातल्या एकाला सांगायचं राहिलं की मजकूर मध्येच थांबतो. बूटलोडरची यादी छान दिसली, कर्नल सुरू झाला आणि पुढे काळोख, म्हणजे कर्नलच्या ओळीत कन्सोलचा उल्लेख नाही. कर्नलचे संदेश धाडधाड येऊन गेले पण लॉगिन आलंच नाही, म्हणजे गेटी बसवलेला नाही. कर्नलला दोन कन्सोल सांगितले तर संदेश दोन्हीकडे जातात, पण सुरुवातीच्या स्क्रिप्ट बोलतात ते शेवटी लिहिलेल्याशीच. मशीन कुठे अडकलं आणि आपल्याला दिसायचं कुठे थांबलं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हे मी दुसऱ्यांना किती वेळा समजावून सांगितलं असेल!

उलट दिशेचेही किस्से आहेत, म्हणजे न बोलता काहीतरी भलतंच पोचल्याचे. जुन्या सन सर्व्हरवर कन्सोलच्या लाइनवर ब्रेक आला, म्हणजे एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त काळ लाइन शून्यात धरली गेली, की चालतं मशीन थांबून ‘ओके’ असा प्रॉम्प्ट देत उभं राहायचं. अनेक सिरीयल लाइनी एकत्र आणणाऱ्या टर्मिनल सर्व्हरची वीज गेली-आली किंवा कुणी केबल उपसली तर त्या धक्क्यालाच मशीन ब्रेक समजायचं. पुढे सोलारिस या सनच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये त्याऐवजी एंटर, टिल्डा (~) आणि कंट्रोल-बी असा ठरवून द्यायचा क्रम ठेवण्याची सोय झाली. टिल्डाचा आणखी एक फेरा आहे. आयपीएमआयवरून, म्हणजे नेटवर्कमधून सिरीयल कन्सोल उघडला असेल, तर बाहेर पडायला टिल्डा आणि टिंब. पण तिथे एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्राममधून पोचला असाल तर तोच टिल्डा आधी एसएसएच खातं आणि आपण पार बाहेर फेकले जातो. आतल्याला पोचवायचा तर दोनदा दाबावा लागतो. कंट्रोल-एस तर चुकून किती जणांनी दाबला असेल. पडदा थिजतो, माणूस मशीन हँग झालं म्हणून हळहळतो, आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर अडलेलं सगळं भळाभळा वाहतं.

आजही हे सगळं का जपायचं, असं मला नवीन मुलं विचारतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक कित्येक तास बंद पडलं, तेव्हा नेहमीची नेटवर्कची वाटही बंद होती आणि अडीअडचणीला ठेवलेली वेगळी वाटही. त्यांच्या अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जाऊन मशीनपाशी उभं राहावं लागलं. मी तो वृत्तांत वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं कुठल्यातरी रॅकमागे कानांत पंख्यांचा आवाज घेऊन वाकलेलं कुणीतरी, हातात केबल.

त्या रात्रीनंतर दोन आठवड्यांनी आम्ही दुसरं एक मशीन नव्याने उभं करत होतो. तीच करडी केबल, तोच लॅपटॉप, तोच यूएसबी अडॅप्टर, सिरीयल लाइनवर बोलायचा तोच मिनिकॉम प्रोग्राम. बायॉस दिसलं, बूटलोडर दिसला, कर्नलच्या शेकडो ओळी सरकून गेल्या आणि शेवटी लॉगिन आलं. मी नाव टाइप केलं. एकही अक्षर उमटेना. मशीन अगदी नवं होतं, नुकतंच माझ्या डोळ्यांदेखत वर आलं होतं, त्याला हँग म्हणणं शक्यच नव्हतं. मला मल्टिमीटर देणारे तेच सहकारी मागे उभे होते. ते म्हणाले, “मिनिकॉमच्या सेटिंगमध्ये जा. सिरीयल पोर्ट सेटअप. एफच्या पुढे काय आहे बघ.” एफच्या पुढे होतं, हार्डवेअर फ्लो कंट्रोल: येस. “नो कर.” मी केलं, बाहेर आले, एंटर दाबलं. लॉगिनची ओळ लगेच पुन्हा खाली उमटली.

ते पुढच्या कामाला लागले. मी तिथेच बसून राहिले.

हार्डवेअर फ्लो कंट्रोल म्हणजे आणखी दोन तारा. सातव्या पिनवरून इकडचा सांगतो की मी घ्यायला तयार आहे, आठवीवर पलीकडच्याचा होकार येतो: पाठवायला हरकत नाही. आठवीवर होकार दिसत नाही तोवर इकडची चिप एकही बिट तारेवर सोडत नाही. ऐकण्याला मात्र त्याने काही बाध येत नाही. आणि आमच्या करड्या केबलीत तीनच तारा होत्या, दोन, तीन आणि पाच. आठवी पिन मोकळी, तिच्यावर होकार कुठून येणार? मिनिकॉम बहुतेक ठिकाणी हे सेटिंग चालू ठेवूनच येतो. लॅपटॉप त्या रात्रीच्या आठवडाभर आधी नव्याने बसवला होता, जुनी सेटिंगं गेली होती, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे त्या रात्री मशीन धडधाकट होतं. गणित चालू होतं. त्याची अडचण एवढीच होती की नेटवर्कचा प्लग खिट्टी तुटून सैल झाला होता, आणि तेच ते मला सांगत होतं, लिंक अप, लिंक डाऊन, अगदी स्वच्छ शब्दांत. माझी एंटरं, माझं नाव, कंट्रोल-सी, सगळं माझ्याच लॅपटॉपच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, आठव्या पिनची वाट बघत बसलं होतं. मी अडॅप्टर उपसला तेव्हा ते तिथल्या तिथे पुसलं गेलं. मी मशीनला विचारलंच नव्हतं. आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून त्याला बंद केलं.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नोंदवहीत ‘मशीन हँग’ होतं आणि ते सगळ्यांना पटलेलं होतं. मैत्रिणीचं गणित नव्याने लागून आठ-नऊ दिवस झाले होते, या वेळी तिने दर सहा तासांनी डिस्कवर लिहायची सोयही केली होती. आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला म्हणत राहिले. जेवणाच्या सुट्टीत ती समोर बसायची, मी दुसऱ्या विषयावर बोलायचे. चीड यायची ती कुणावर, हेही धड कळायचं नाही. केबल बनवणाऱ्यावर, सेटिंगवर, पण सगळ्यात जास्त त्या ‘हँग’ या शब्दावर. किती पटकन लिहिला होता मी तो. तिने मला माफ केलं होतं ते त्या शब्दाच्या भरवशावर.

चौथ्या दिवशी मी तिला माझ्या टेबलापाशी बोलावलं. सांगायला सुरुवात केली, पण नुसतं बोलून ते नीट सांगता येईना, म्हणून ड्रॉवरमधून एक सुटा कनेक्टर काढला. त्याच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना मी एकमेकींना सोल्डर केल्या होत्या, म्हणजे लॅपटॉपने जे पाठवलं ते त्याच्याचकडे परत येईल. सातव्या पिनची पिवळी तार आणि आठवीची हिरवी, दोघींची टोकं सोलून मोकळी सोडली होती. कनेक्टर अडॅप्टरवर बसवला, फ्लो कंट्रोल मुद्दाम पुन्हा ‘येस’ केलं आणि तिला म्हटलं, “काहीतरी टाइप कर.” तिने आपल्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं. खिडकी कोरीच. तिने माझ्याकडे पाहिलं.

“त्या रात्री मला हे दिसत होतं,” मी म्हटलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “आत्ता ही अक्षरं कुठे आहेत?”

“इथेच. लॅपटॉपमध्ये. ह्या दोन तारा एकमेकींना टेकव.”

तिने पिवळी तार एका चिमटीत धरली, हिरवी दुसऱ्या. तिचा हात किंचित थरथरला, टोकं एकदा हुकली. दुसऱ्यांदा टेकली, आणि तिने मघाशी टाइप केलेलं ते आखं नाव एका दमात खिडकीत उमटलं. तिने तारा सोडल्या नाहीत. तशाच चिमटीत धरून ती त्या अक्षरांकडे बघत राहिली.